हौसराव पाटीवाले, मुक्काम केडगाव

शिरूर
रविवार, २२ जुलै २००७

प्रिय रश्मी,

आधी चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की हौसरावांची पाटी बघून अब्बा खो खो हसले. ते खरं नाही. हसला तो भाऊ, शाकीर. अब्बांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उजेडाकडे धरला आणि अंगठ्याने अक्षरांची उंची मापली. मग शेवटच्या अक्षरावर अंगठा ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले. मी 'हसले' लिहिलं, कारण ते हसावेत असं मला वाटत होतं. तू ते खरं मानून खूश झाली असशील, म्हणून ही दुरुस्ती पहिल्या ओळीत.

आता बाकीचं. तुला यातलं निम्मं माहीत आहे, तरी सगळं लिहिते. लिहिल्याशिवाय मला माझा गुन्हा नीट दिसत नाही.

तो कागद धम्मदीपने आणला होता. बाजारपेठ मित्रमंडळाचा सेक्रेटरी, तोच. त्याने सायबर कॅफेत छापून घेतलेली पाटी म्हणजे आपण न्हावऱ्याच्या त्या मुलासाठी केलेली, ज्याचा शेजारी रोज त्याची मोटरसायकल मागून नेतो: 'गाडी नेताना पेट्रोल पाहू नये. आणताना पाहावे.'

अब्बांनी विचारलं, "कुणाचा हात हाय ह्यो?"

"केडगावचे हौसराव पाटीवाले हायेत, चाचा. बहात्तर वर्षांचे. ऑर्कुटवर असतात."

"ह्ये ऑर्कुट कुठं आलं? चौफुल्याच्या पुढं का?"

"कॉम्प्युटरमधी आलं, चाचा."

अब्बा म्हणाले, "पुण्याची पाटी मानसाला दारातनं हाकलती. ही आत घेती, च्या पाजती, आन् मग कान धरती." मग त्यांनी कागद घडी न घालता गादीखाली ठेवला.

तुला ठाऊक आहे, अब्बांनी दुकान शाकीरला द्यायचं कबूल केलं होतं. शाकीरला तिथे फ्लेक्सचं मशीन लावायचंय. गेल्या वर्षभरात अब्बांकडे पाटीचं काम आलंय ते फक्त नंबरप्लेटी आणि एक पिठाची गिरणी. ब्रश वाळून काड्या झाले होते. पण तो कागद आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातले आणि शाकीरला सांगितलं, "दुकान देत न्हाई. त्यो बहात्तरीचा मानूस हात थांबवत न्हाई, मी तर अठ्ठावन्नचा." घरात आम्ही दखनी बोलतो. अब्बा मराठीत बोलायला लागले की समजायचं, कामाचं बोलतायत आणि वाद घालून उपयोग नाही.

रश्मी, ज्या माणसाकडे बघून माझ्या बापाने पुन्हा ब्रश उचलला, तो माणूस आपण तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या गच्चीवर शेंगा खात, गंमत म्हणून बनवलेला आहे. लोक हौसरावांच्या पानावर गाऱ्हाणं लिहितात, मी ड्रॉइंग पेपरवर पाटी रंगवून तुला पोस्टाने पाठवते, तू ती स्कॅन करून, साफ करून, रंग भरून चढवतेस. यात बहात्तर वर्षांचं कोणीच नाही.

मला अक्षरं शाळेने शिकवली नाहीत. मी थेट तिसरीत गेले. त्याआधी अब्बांच्या शिडीखाली बसून शिकले, तेही पाट्या येतील त्या क्रमाने. 'किराणा' आधी आलं म्हणून क, र, ण आधी आले. अ फार उशिरा, एका 'अगरबत्ती'ला. त्यांनी शिकवलेली अक्षरं वापरून मी त्यांना फसवते आहे. कळलं तर ते काही बोलणार नाहीत. ब्रश पुसून ठेवतील आणि दुकानाची किल्ली शाकीरला देतील. मला त्याचीच भीती आहे.

हौसरावांना बंद कर. आजारी पाड, गावाला पाठव, काहीही कर.

उत्तर पोस्टानेच पाठव. ऑर्कुटवरचं स्क्रॅपबुक अख्खा तालुका वाचतो आणि मोबाइल शाकीरच्या खिशात असतो.

तुझी,
आसमीन


दौंड
२७ जुलै २००७

आसमे,

तुझं पत्र वाचून मी अब्बांच्या 'चौफुल्याच्या पुढं का'वर इतकी हसले की क्लासमधल्या पोरांनी टायपिंग थांबवलं.

हौसरावांना बंद करता येत नाही. का ते ऐक. त्यांचे सहाशे बारा मित्र आहेत. माझे स्वतःचे त्र्याऐंशी, त्यातले अकरा नातेवाईक. त्यांच्या नावाची एक कम्युनिटी निघालीय, 'आम्ही हौसरावांच्या पाटीखाली उभे'. तळेगाव ढमढेऱ्याच्या त्या मुलीसाठी केलेली पाटी आठवते का, 'लग्नाची चौकशी दुपारी चार ते पाच. आज बंद'? ती तिने खरंच घराच्या दारावर लावलीय. तिची आत्या म्हणे साडेचारला आली आणि पाटी वाचून परत गेली. असा माणूस आजारी पडला तर सहाशे लोक केडगावला भेटायला जातील. मग?

आणि गुन्हा एकटीचा मानू नकोस, मला राग येतो. तुझा कागद येतो तेव्हा त्यावर हळदीचा डाग असतो, कडेला अंगठा असतो, घडीची रेघ बरोबर मधल्या शब्दावरून गेलेली असते. ते सगळं कणाकणाने पुसायला मला दोन-दोन तास लागतात. फाइल एवढी जड की चढता चढत नाही, ती हलकी करायची तर अक्षराची कड फाटते, ती पुन्हा शिवायची. पिवळ्यावर लाल चढवताना मधे काळी सावली मी घातली, म्हणून ती पाटी पत्र्यावरची वाटते. तू एकटी असतीस तर हौसराव कागदावर राहिले असते. मी एकटी असते तर माझ्याकडे साफ करायला फक्त डाग असते.

पहिल्या चार पाट्यांत तुझ्या शेवटच्या अक्षरावरची रेघ टोकाला थोडी तुटलेली असायची, ती मी स्कॅनरची चूक समजून बुजवली होती. तू किती ओरडलीस! 'अक्षर गुदमरतंय' म्हणालीस. तेव्हापासून ती फट मी तशीच सोडते. कशासाठी ते तू आजवर सांगितलं नाहीस. असो, कलावंतांचे लाड.

आता एक गोष्ट सांगायची आहे. बसून वाच.

धम्मदीपने हौसरावांना निरोप धाडला होता: मंडळाला त्यांचा जाहीर सत्कार करायचाय, रविवारी २ सप्टेंबरला, शिरूरच्या बाजारपेठेत. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. इतक्या अदबीने लिहिलं होतं की नाही म्हणवेना. मी हौसरावांच्या वतीने लिहिलं, 'तब्येत साथ देईल तर येतो.' हे 'हो' नाही. पण त्यांनी ते 'हो' समजून वर्गणी काढली.

रागावू नकोस. मार्ग काढते.

जय भीम.
रश्मी


शिरूर
२ ऑगस्ट २००७

रश्मी,

'प्रिय' मी मुद्दाम लिहिलेलं नाही. नंतर लिहीन.

मंडळाने सत्काराची पाटी कुणाला सांगितली असेल? पाटीवाल्याचा सत्कार फ्लेक्सवर कसा करायचा, असं धम्मदीपला वाटलं. तो अब्बांकडे आला. आठ फूट बाय चार, पत्र्यावर, हाताने. दोन वर्षांत एवढं मोठं काम आलं नव्हतं. अब्बांनी त्याला चहा पाजला, मापं लिहून घेतली आणि शेवटी म्हणाले, "नाव सोडून सगळं लिव्हतो. नाव मानूस बघितल्यावर."

तुला आमच्या घरातला हा नियम माहीत नाही, म्हणून सांगते. अब्बा न बघितलेलं लिहीत नाहीत. एका डेअरीवाल्याने 'शुद्ध तूप' लिहायला सांगितलं, तर अब्बांनी आधी वाटीभर तूप मागवलं. बोट लावलं, हुंगलं, चाखलं. पाटीवर लिहिलं: 'तूप'. डेअरीवाला म्हणाला, "आन् शुद्ध?" अब्बा म्हणाले, "त्येवढी जागा सोडलीय. तूप सुधारलं की सांगा, येऊन लिव्हतो." ती जागा अजून रिकामी आहे. डॉक्टरची डिग्री लिहायची तर ते भिंतीवरचं सर्टिफिकेट बघून येतात. अब्बांना वाटतं, पाटी म्हणजे साक्ष आहे, आणि साक्ष रंगाने दिली म्हणून ती स्वस्त होत नाही.

धम्मदीप म्हणाला, "चाचा, ते कार्यक्रमालाच येनार. आधी कसं बघनार?"

"मी जातो की केडगावला. एष्टी हाय, पाय हायेत. त्या मानसाला येक इचारायचं बी हाय."

काय विचारायचंय ते सांगत नाहीत. दुकानात रोज संध्याकाळी पत्र्याला पहिला हात देतात आणि गुणगुणतात. शाकीर माझ्याकडे बघून म्हणतो, "ह्या म्हाताऱ्याने माझा धंदा बसवला." त्याला कुठला म्हातारा म्हणायचाय ते मी विचारलं नाही.

मी रोज सकाळी ठरवते की आज सांगायचं. अब्बा रंग ढवळत असतात. मी पुढे होते आणि विचारते, "चहा टाकू?" आठ दिवसांत त्यांना इतका चहा झालाय की अम्मीने साखर लपवली.

मार्ग काढते म्हणालीस. काढ.

आसमीन


दौंड
८ ऑगस्ट २००७

प्रिय आसमे (मी लिहिते, मला राग नाही),

मार्ग काढलाय. नाव कोंडिबा, नात्याने माझे सख्खे मामा, वय एकाहत्तर. रेल्वेत रुळांवर गँगमन होते. मिशा भरघोस, आवाज दमदार, घरी बसून कंटाळलेले. आपल्याला एक वर्ष कमी पडतंय, ते मी त्यांच्याकडून वाढवून घेतलं.

मी म्हणाले, "मामा, दोन तासांसाठी हौसराव व्हायचं. स्टेजवर बसायचं, शाल घ्यायची, हात जोडायचे, तोंड उघडायचं नाही."

"शाल लोकरीची का नुसतीच झगमग?"

"मामा, ते महत्त्वाचं नाही."

"तुला न्हाई. थंडी मला वाजती."

मग सराव सुरू केला. तिथेच घोळ झाला. मामांना मी सगळ्या पाट्या दाखवल्या, म्हणजे ओळख असावी. त्यांनी त्या अशा काही मनावर घेतल्या की आता ते स्वतःला खरंच पाटीवाले समजायला लागलेत. काल मामीला म्हणाले, "हिथं येक पाटी पायजे." मामी म्हणाली, "कशाला?" तर म्हणतात, "कलाकाराला 'कशाला' इचारू नये, अशी." किराणा दुकानासमोर उभे राहून मालकाला सांगून आले की त्याचं 'ळ' पोटात फार फुगलंय. मालकाने मला विचारलं, तुझ्या मामाला उन्हाचा त्रास झाला का.

भाषणही लिहिलंय त्यांनी. 'तोंड उघडायचं नाही' ही अट त्यांना मान्य नाही. भाषण अकरा पानांचं आहे आणि त्यात नऊ पानं रुळांबद्दल आहेत.

पण माणूस आहे, आसमे! हाडामांसाचा, बघता येईल असा. अब्बांनी बघितला की झालं. केडगावला आमची एक खोली रिकामी पडलीय, मामांना तिथे दोन दिवस बसवते. अब्बा कधी निघणार ते लगेच कळव.

तुझी मार्गदर्शक,
रश्मी


शिरूर
१४ ऑगस्ट २००७

रश्मी,

नको! मामांना नको. मी हे त्याच दिवशी लिहायला हवं होतं, पण तुझं पत्र मला शनिवारी मिळालं आणि रविवारी सकाळी साडेसहाला अब्बा निघून गेले. कुणालाच सांगितलं नव्हतं. नवा सदरा, हातात पिशवी, पिशवीत तो गादीखालचा कागद. न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरली म्हणे.

ते दिवसभर आले नाहीत. मी मनातल्या मनात सगळं केडगाव फिरले. अब्बा दारोदार विचारतायत, 'हौसराव पाटीवाले कुठं राहतात?' आणि लोक माना हलवतायत. नवा सदरा घातलेला माझा बाप, नसलेल्या माणसाचं घर शोधतोय, आणि ते घर मी बांधलेलं. मी जेवले नाही. जेवले नाही हेही पूर्ण खरं नाही, दुपारी एक भाकरी खाल्ली.

संध्याकाळी सातला ते आले. पिशवीत पेढे. चेहरा असा की जणू जत्रा बघून आले.

मी विचारलं, "सापडले?"

म्हणाले, "मानूस न्हाई सापडला. हात सापडला."

"म्हणजे?"

"म्हंजी च्या टाक."

एवढंच. तेव्हापासून ते पाटीवर बसलेत. मला दुकानात येऊ देत नाहीत, पडदा लावलाय. काल शाकीरला म्हणाले, "ते स्कॅनर म्हनत्यात ते काय असतंय रं?" शाकीरच्या हातातला घास खाली पडला.

खरं सांग. तू मामांना केडगावला बसवलंस ना? अब्बांना भेटले ना ते? काय बोलले? रुळांबद्दल बोलले का? अब्बांनी त्यांना ब्रश धरायला तर नाही दिला? मामांनी हात जोडून 'मीच हौसराव' म्हटलं असेल आणि अब्बांनी ते खरं मानलं असेल, तर आता खोट्यावर अजून एक खोटं चढलं. सरळ पत्र्यावर चढवलेला रंग पहिल्या पावसात पापुद्र्याने निघतो, त्यासाठी आधी अस्तर लागतं. आपण अस्तर दिलेलं नाही, रश्मी.

आसमीन


दौंड
१७ ऑगस्ट २००७

प्रिय आसमीन,

मामा केडगावला गेलेच नाहीत. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. त्या रविवारी ते घरीच होते आणि भाषणाचं बारावं पान लिहीत होते.

बाकी मला विचारू नकोस, मी कबूल केलंय. ज्याला कबूल केलं त्याने एकच अट घातली: आधी आसमीनने स्वतः अब्बांना सांगायचं, सगळं, पहिल्यापासून. मगच तिला बाकीचं कळेल.

या पाकिटात दुसरं पाकीट आहे. ते मी बारा तारखेलाच लिहून बंद केलं होतं. अब्बांना सांगितल्यावर उघड. दुसरी कुणी असती तर मी हे पाकीट पाठवलं नसतं, तिने वाफेवर धरून उघडलं असतं. तू उघडणार नाहीस. तुझा हा स्वभाव कधी कधी फार सोयीचा पडतो.

तुझी,
रश्मी


(पोस्टकार्ड)

शिरूर, शुक्रवार, २४ ऑगस्ट २००७

प्रिय रश्मी, पाकीट पाच दिवस कुराणाच्या फळीवर ठेवलं होतं, म्हणजे हात जाऊ नये. आज अब्बा जुम्म्याची नमाज पढून आले, जेवले, तेव्हा सांगितलं. शेंगांपासून सगळं. मधे एकदा चुकीची तारीख सांगितली ती थांबून दुरुस्त केली. ऐकून ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "लई दिवस लावलेस." एवढंच. हे पोस्टकार्ड आहे आणि पोस्टमन वाचतो, म्हणून जास्त लिहीत नाही. आता पाकीट उघडते. आ.


(आतल्या पाकिटातलं)

दौंड
रविवार, १२ ऑगस्ट २००७

आसमे,

आत्ता तुझे अब्बा गेले.

दुपारी बाराची बॅच चालू होती. दारात एक गृहस्थ, नवा सदरा, हातात पिशवी. चपला बाहेर काढून आत आले. मी उभी राहिले.

म्हणाले, "रश्मी ओव्हाळ तूच का, बाळा? मी शिरूरचा सुभान पेंटर."

मी म्हटलं, "अब्बा, तुम्ही इथं कसे?"

"पत्ता वाचत आलो. आमच्या घरी दर आठवड्याला पाकिटं येत्यात, मागं पत्ता असतो. मी अक्षरं वाचूनच प्वाट भरतो, पोरी."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून तो कागद काढला, पेट्रोलचा. टेबलावर ठेवला.

"ह्या हौसरावांचं वय काय म्हनायचं?"

"बहात्तर," मी म्हटलं.

"मला तेवीस वाटतात."

त्यांनी शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं, तिथे, त्या फटीवर. म्हणाले, "माज्या बापाची शिडी आखूड व्हती. शेवटच्या अक्षरापत्तुर त्यांचा हात पुरायचा न्हाई, रेघ तांदळाच्या दान्याएवढी आधीच थांबायची. नवी शिडी आली, पर सवय गेली न्हाई. मला लागली. हिला लागली. हिला ठावं बी न्हाई. ह्या जिल्ह्यात असली रेघ फकस्त आमच्या घरात वढत्यात. धम्मदीपनं कागद हातात दिला तवाच वळिखलं."

आसमे, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! ज्या दिवशी तू म्हणालीस 'हसले' आणि मग दुरुस्त केलंस, 'अंगठा ठेवून बसले', त्याच दिवसापासून. त्यांनी ब्रश हौसरावांकडे बघून नाही भिजवले.

मी विचारलं, "मग केडगावला जातो असं का म्हणालात?"

"गेलोच न्हाई. चौफुल्यावरनं गाडी धरून सरळ हिकडं आलो. अक्षर माज्या घरचं, ते मला बघायचं नव्हतं. ही सफाई कुनाची, ते बघायचं व्हतं. ही काळी सावली आमच्यात कुनी घालत न्हाई. घातलीय मातर बराबर."

मग म्हणाले, "दाखीव."

दोन तास बसले. तुझी एक चढवायची राहिलेली पाटी होती ती मी त्यांच्यासमोर स्कॅन केली. डाग कसा पुसते, कड कशी शिवते, सगळं. अख्खी बॅच टायपिंग सोडून त्यांच्या मागे उभी. मी तुझ्या अंगठ्याचा ठसा पुसला तर म्हणाले, "परत आन त्यो." मी परत आणला. मग थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आता पूस."

निघताना पेढे घेतले स्टेशनसमोर. मी म्हटलं, "अब्बा, तिला काय सांगू?" म्हणाले, "काय बी नगं सांगूस. तिनं सांगू दे. माज्या पोरीला खोटं पचत न्हाई, वरनं मला रोज च्या पाजून मारती."

रश्मी


शिरूर
रविवार, २६ ऑगस्ट २००७

प्रिय, प्रिय रश्मी (एक त्या दिवशीचं बाकी होतं),

काल बाजारपेठेतून मुद्दाम चालत गेले. अब्बांच्या हाताच्या पाट्या आता सतराच उरल्यात. सतराही ठिकाणी शेवटच्या अक्षरावर फट आहे. मी तेवीस वर्षं त्या पाट्यांखालून येते-जाते. मला वाटायचं, अक्षरं अशीच असतात.

परत आले तर दुकानाचा पडदा बाजूला होता. पाटी तयार. पिवळी जमीन, वर लाल ओळ: 'बाजारपेठ मित्रमंडळ, शिरूर, यांच्या वतीने'. खाली: 'यांचा जाहीर सत्कार'. आणि मध्ये नुसती पिवळी जागा, वर-खाली खडू लावलेल्या दोऱ्याने रेघा आखलेल्या. अक्षरांना काळी सावली आहे, रश्मी. अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा सावली घातलीय. एका ठिकाणी चुकलीय, पण त्यांना सांगू नकोस.

मी विचारलं, "मध्ये नाव?"

"मी मानूस बघितल्याबिगर लिव्हत न्हाई."

"बघून आलात ना?"

"येक बघून आलो. दुसरीला रोज बघतो. पर ही साक्ष माजी न्हाई, तुमची हाय. तू लिव्ह."

मी वितीने जागा मापली. 'हौसराव पाटीवाले' त्यात फार लहान पडतं, दोन्ही बाजूंना मोकळं राहतं. मग मी दुसऱ्या प्रकारे मापून बघितलं. 'आसमीन सुभान पेंटर व रश्मी ओव्हाळ'. खडूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेमकं बसतं. त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं.

"आणि हौसरावांचं काय करायचं?"

"बहात्तर झाली त्यांना. आता रिटायर कर."

मी रात्रभर विचार केला. सत्कार रविवारी आहे. नावं रविवारीच लिहिली तर लोक जमलेले असणार, हार आणलेले असणार, म्हणजे मंडळाला नाही म्हणायला जागा राहणार नाही. ते बरोबर नाही. म्हणून एक दिवस आधी लिहायचं. लोक चिडले तर चिडू देत, धम्मदीपला सत्कार रद्द करायचा तर करता येईल, नारळ दुकानदार परत घेतो असं मी विचारून आले आहे. सहाशे बारा जणांना मी एकेकाला माफीचं लिहीन. तू म्हणशील एकच लिहून सगळ्यांना पाठवता येतं. येत असेल. पण ती माफी होणार नाही. गाऱ्हाणं एकेकाने लिहिलं होतं.

शाकीरला अजून सांगितलेलं नाही. अब्बा म्हणाले, त्याला पाटी वाचता येते.

आता तुझं काम. तू यायचं, कॅमेरा घेऊन. पाटी भर रस्त्यात, दुकानासमोर उभी करणार, मी शिडीवर चढून लिहिणार. अब्बा खाली खुर्ची टाकून बसणार आहेत. म्हणाले, काही बोलणार नाही, पण ते बोलतील. तू फोटो काढून संध्याकाळी हौसरावांच्या पानावर चढवायचा, त्यांची शेवटची पाटी म्हणून. कड शिवू नकोस, डाग पडला तर राहू दे.

कोंडिबामामांनाही आण. शिडी जुनी आहे, धरायला वजनदार माणूस लागतो. शाल मिळणार नाही, चहा मिळेल. भाषण घरी ठेवून यायला सांग, किंवा रुळांची नऊ पानं तरी.

एक विचारायचं राहिलं. माझ्या नावाच्या शेवटी फट राहील, ती माझ्या हातात नाही. पण तुझं नाव आमच्या घरातलं नाही. तुझ्या शेवटच्या 'ळ'वरची रेघ पूर्ण ओढू की फट ठेवू? पत्र पोचायला वेळ लागेल, तेव्हा लिहू नकोस, येऊन खालून ओरडून सांग. मी शिडीवर असेन, रेघ तिथपर्यंत आणून थांबेन.

शनिवार, १ सप्टेंबर, सकाळी दहा वाजता.

आसमीन